पानांवरचं दंव किती वाजता सुकतं?

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी परसातली टोमॅटोची सात झाडं उपटून टाकली. बारापैकी सात. भीतीने उपटली, आणि त्यातली निदान चार उपटायची काही गरज नव्हती हे तीन आठवड्यांनी कळलं. तोवर ती माडाच्या आळ्यात कुजत पडली होती, आणि तिथे टाकणं ही वेगळीच चूक होती. ती पुढे सांगते.

आमचं घर गोव्यात, म्हार्दोळच्या बाजूला. मागे परसू आहे, फार मोठं नाही. दक्षिणेला विहीर, पश्चिमेला चिऱ्यांची गडगी, पूर्वेला जास्वंदीचा पुरुषभर उंच वंय, म्हणजे कुंपण. सासूबाईंनी सून म्हणून आल्या त्या वर्षी लावलेला. माती जांभी, तांबडी, पावसात चिखल आणि मार्चमध्ये वीट. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं की तांबडी भाजी, भेंडी वगैरे सगळे करतात, आपण टोमॅटो करू. गोव्यात टोमॅटो बेळगावहून येतो आणि बेळगावहूनच यावा, असं शेजारच्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही.

चवथीचा गणपती विसर्जन झाला आणि बी पेरलं. नवरात्रात रोपं वाफ्यात लावली, एकेका फुटावर. हळदीकुंकवाला बायका बसवाव्यात तशी दाटीवाटीने. पाऊस पुरता गेला नव्हता. दुपारी तीन वाजता आभाळ भरून यायचं, अर्धा तास कोसळायचं, आणि मग ऊन पडून सगळं परसू वाफाळायचं. रोपं मात्र तरारली. दिवाळीला नरकासुर जाळून मुलं झोपायला गेली त्या पहाटे मी बॅटरी घेऊन झाडं बघायला गेले होते, इतकं कौतुक. सुपारीएवढी हिरवी फळं धरली होती.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी खालच्या पानांवर ठिपके दिसले. तपकिरी, काळपट, आणि नीट बघितलं तर एकात एक वर्तुळं असलेले. झाड कापल्यावर ओंडक्याच्या तोंडावर दिसतात तशी. ठिपक्याभोवती पिवळी कड. आठवड्याभरात खालच्या दोन थरांतली पानं पिवळी होऊन लोंबायला लागली.

मग फोन काढला. तिथे स्वेटर घातलेले गोरे बागवान होते. सगळे एकच सांगत होते : हा रोग एकदा आला की आठ दिवसांत बाग साफ. झाडं उपटा, पिशवीत भरा, शेजाऱ्यांना सावध करा. नाव ‘लेट ब्लाइट’. आपल्याकडे त्याला उशिरा येणारा करपा म्हणतात. मी शाळेत मराठीबरोबर इतिहासही शिकवत असे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक ज्या रोगाने बुडालं आणि दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तो हाच, हे वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. ज्यांची पानं जास्त पिवळी ती सात झाडं उपटली. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. उद्या तुळशीचं लग्न आणि आज ही झाडं उपटते आहे, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मराठीतली ही नावं, लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा, इंग्रजीवरून जशीच्या तशी उचललेली आहेत आणि घरच्या बागेत ती फार फसवतात. लवकरचा करपा हंगामात केव्हाही येतो, उलट जून झालेल्या पानांवर आधी येतो. उशिराचा कोवळ्या रोपावरही येऊ शकतो. नावावरून मी असा हिशेब केला होता की झाडांना दोन महिने झालेत, म्हणजे आता ‘उशिरा’च म्हणायचं. हसावं की काय करावं!

राहिलेल्या पाच झाडांसाठी औषध आणायला गेले. दुकानदाराने पान न बघताच दोन पुड्या आणि एक बाटली पुढे ठेवली. बाटलीतलं औषध किडीचं होतं. माझ्याकडे कीड नव्हती. पुडीवर मॅन्कोझेब लिहिलेलं होतं. ते करप्यावर वापरतात खरं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. मी तोंडाला रुमाल बांधून, हातमोजे घालून, संध्याकाळी साडेपाचला व्यवस्थित फवारलं. आणि सहा वाजता रोजच्या सवयीने नळीला बोट लावून झाडांना वरून आंघोळ घातली. सगळं औषध मातीत. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कंटाळून कुणी सांगितलं म्हणून आंबट ताक फवारलं. करप्यावर काही परिणाम दिसला नाही. तांबड्या मुंग्यांवर मात्र झाला. परसातल्या सगळ्या मुंग्या टोमॅटोवर.

अशात विहिरीकडून दुसरं झाड दुपारी मान टाकून उभं दिसलं. पानांवर ठिपका नाही, पिवळेपणा नाही, हिरवंगार, नुसतं लोंबलेलं. मला वाटलं तहान लागली. दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी जरा सावरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशी सावरलंच नाही. तेव्हा आमचे शेजारी, मागच्या बाजूला ज्यांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे ते भाऊ, वंयापलीकडून ओरडले, “उदक घालूं नाकात, टीचर!” पाणी घालू नका. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, त्यामुळे मी त्यांची कायमची टीचर.

ते आत आले, झाड मुळाजवळ कापलं आणि बोटभर तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरला. पाचेक मिनिटं आम्ही दोघं पेल्याकडे बघत उभे. कापलेल्या टोकातून दुधाच्या धारेसारखी पांढरी दोरी खाली उतरायला लागली. बारीक, धुरकट. “हें वेगळेंच,” ते म्हणाले. ही जिवाणूंमुळे होणारी मर. जिवाणू मातीतून मुळात शिरतात, झाडाची पाणी वाहणारी नळीच बुजवतात, आणि करप्याचं कुठलंही औषध त्यांच्या वाटेला जात नाही. आमच्या आंबट, ओल्या जांभ्या मातीत वांगी-टोमॅटोचा खरा वैरी हा. मी पाणी ओतून तो शेजारच्या झाडांकडे पोचवत होते. इतके दिवस मला एक रोग आहे असं वाटत होतं. होते दोन, आणि ज्याच्या नावाने मी घाबरले होते तो त्या दोघांत नव्हताच.

भाऊंनी सांगितलं, पानं घेऊन कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात जा. मी ठिपक्यांची आठ-दहा पानं वहीत दाबून घेऊन गेले, जशी मुलं शाळेत पिंपळाची पानं आणतात. अधिकारी बाई वयाने माझ्या मुलीएवढी. तिने भिंग लावून पान बघितलं, उलटं करून बघितलं, आणि म्हणाली, हा लवकरचा करपा, अल्टरनेरिया नावाची बुरशी. उशिराचा असता तर डाग उकडलेल्या पानासारखा, तेलकट, ओलसर दिसला असता, वर्तुळं नसती, आणि ओल्या सकाळी पानाच्या मागे डागाच्या कडेला पांढरी लव दिसली असती. त्याला गारवा लागतो, पंधरा ते वीस-बावीस अंशांच्या रात्री आणि ढगाळ दिवस. आपल्याकडे दुपारी पारा तिशीपार जातो, तिथे तो रेंगाळत नाही. अल्टरनेरियाला चोवीस ते एकोणतीस अंश म्हणजे माहेर. घरी खात्री करायची तर संशयित पान ओल्या कागदाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी मागची बाजू बघा. मी घरी येऊन ते केलं. पांढरं काही आलं नाही.

पण जाताना तिने तीन प्रश्न विचारले होते. ठिपके आधी खालच्या पानांवर आले की वरच्या? खालच्या. पाणी केव्हा आणि कसं घालता? ते सांगताना मी जरा चाचरले. तिसरा प्रश्न : तुमच्या झाडांवरचं दंव किती वाजता सुकतं?

मला उत्तर येईना. तेहतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले आणि त्या खुर्चीत बसून माझी बोलती बंद.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वही घेऊन परसात. त्या पाठोपाठ सलग नऊ दिवस. शिक्षिकेची खोड, तक्ताच आखला. डिसेंबर लागला होता, पावसाचा थेंब पडून महिना होत आला होता, आणि तरी पहाटे झाडं अशी ओली की कुणी पाण्यात बुडवून काढलीत. हात लावला तर मनगटापर्यंत पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे आम्ही लोक, पाऊस गेला की ओल गेली असं धरून चालतो. ओल कुठे जात नाही. रात्री दहालाच पानं दमट लागत होती. म्हणजे दहा वाजल्यापासून सकाळी सुकेपर्यंत पान ओलंच. करप्याच्या बीजाणूला पानात शिरायला एवढंच हवं असतं, काही तास सलग ओल आणि थोडी ऊब.

तक्त्यात जे निघालं ते बघून मी गप्प झाले. विहिरीकडच्या दोन झाडांवर ऊन पावणेआठला यायचं आणि साडेआठला पानं कोरडी. वंयाकडच्या दोन झाडांवर ऊन पोचायला पावणेदहा व्हायचे, कारण जास्वंदीची सावली, आणि पानं सुकायला साडेदहा. मधलं अंतर दोन तासांचं. ठिपके मोजले, अगदी झाडामागे पानं मोजून. वंयाकडे सरसकट निम्मी पानं गेलेली. विहिरीकडे खालची चार-पाच. आणि मी जी सात उपटली होती ती कुठली? सगळी वंयाच्या बाजूची. रोग त्यांना जास्त झाला होता कारण ती जास्त वेळ ओली राहत होती. त्यावर मी रोज संध्याकाळी सहाला नळीने आणखी भिजवत होते. संध्याकाळी सहा ते सकाळी साडेदहा. साडेसोळा तास. करप्याला मी पाट-पाणी मांडून बसवलं होतं.

त्या हंगामात चार झाडांवरून मिळाले दोन किलो सातशे ग्रॅम. हॉर्टिकल्चरच्या, म्हणजे सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या, गाड्यावर त्यापेक्षा चांगले टोमॅटो मिळत होते आणि त्यांना ताक लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीची तयारी मे महिन्यातच सुरू झाली, ती भांडणाने. मला वंय छाटायचा होता. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी, रोज सकाळी परडी घेऊन जास्वंदी काढणं हा त्यांचा एकमेव व्यायाम. “देवाक फुलां खंयचीं?” एवढाच प्रश्न, आणि त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही. तीन दिवस घरात शांतता. शेवटी तोड निघाली : पूर्वेकडच्या भागात टोमॅटोसमोर येईल तेवढाच वंय कमरेएवढा ठेवायचा, बाकी हात लावायचा नाही. कापल्यावर पावसात तो इतका फुटला की ऑगस्टमध्ये फुलं दुप्पट झाली. त्या म्हणाल्या, मी सांगत होतेच छाटायला. मी काही बोलले नाही.

बियाणं बदललं. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेलं ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण आणलं. पर्णगुच्छ (पानं मुरडून आकसतात तो रोग), जिवाणूची मर आणि लवकरचा करपा, तिन्हींना दाद न देणारं म्हणून ते ओळखलं जातं. दाद न देणारं म्हणजे रोग शिवणारच नाही असं नव्हे, तो रेंगाळत येतो एवढंच. संकरित असल्याने त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरून तसंच झाड मिळत नाही, हे काटकसरी लोकांनी लक्षात ठेवावं. मी नाही ठेवलं, पण ते जाऊ दे.

घाईही सोडली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी पेरलं आणि रोपं वाफ्यात गेली ती तुळशीच्या लग्नानंतर, परतीचा पाऊस पुरता गेल्यावर. बारा ऐवजी आठच झाडं. जुन्या वाफ्यात मर होती, म्हणून पाच झाडं विहिरीच्या पलीकडे नव्या, वीतभर उंच केलेल्या वाफ्यात आणि तीन पिशव्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत. दोन झाडांत दोन फूट अंतर. सुरुवातीला ते फार ओकंबोकं दिसायचं. येणारा-जाणारा विचारायचा, मधली मेली का? सुपारीच्या खोडाच्या चिरफळ्या रोवल्या आणि केळीच्या सोपाने झाडं बांधली. सोप मऊ असतो, खोडाला काचत नाही, आणि हंगाम संपला की झाडाबरोबरच जाळता येतो.

खाली फणसाचा पाचोळा चार बोटं जाड. हे कशासाठी, ते मला आधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ओल टिकवायला. खरं काम वेगळं आहे. बुरशी जुन्या पाल्यापाचोळ्यावर मातीत पडून राहते, आणि पाण्याचा थेंब जमिनीवर आपटला की चिखलाच्या शिंतोड्याबरोबर खालच्या पानावर उडते. म्हणून रोग खालून वर चढतो. निरोगी, कोरडा पाचोळा मध्ये असला की शिंतोडा उडत नाही. टोमॅटोचाच रोगट पाला मात्र तिथे कधी टाकू नये. मी मागच्या वर्षी सात झाडं माडाच्या आळ्यात, वाफ्यापासून चार हातांवर टाकली होती. म्हणजे चोराला घराबाहेर काढून ओसरीवर अंथरूण घालून दिलं. आता ठिपक्याचं पान तोडलं की थेट न्हाणीत, भाणाखाली. आंघोळीचं पाणी तापतं आणि बीजाणूही.

झाड गुडघ्याच्या वर गेल्यावर जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची सगळी पानं काढून टाकली, ठिपका असो नसो. हे करताना हात थरथरतो. चांगलं पान तोडवत नाही. पण खालून वारा खेळायला लागला की फरक डोळ्यांना दिसतो. पानं तोडायची ती झाड पूर्ण कोरडं असतानाच, नाहीतर ओल्या हातांनी आपणच रोग या झाडाचा त्या झाडाला वाटतो. पाणी सकाळी, बुंध्याशी, तांब्याने. नळी मी गुंडाळून माळ्यावर टाकली. मोह नको.

आता औषध. हे मी शेवटी सांगते आहे कारण करायचंही शेवटीच असतं, पण त्याची गोष्ट मला फार आवडते.

मे अखेरीला भाऊंच्या कुळागरात पाडेली सुपारीवर चढून निळं पाणी फवारतात. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्यासाठी. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत असत, आणि १८८२ मध्ये पिएर मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेलींची पानं केवड्या रोगातून वाचलीत. १८८५ मध्ये त्याने मिश्रणाची कृती जाहीर केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात तिथल्या कृषी खात्यातले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर ते वापरायला लावलं, आणि तिथून सगळ्या सुपारीच्या मुलखात पसरलं. गंमत अशी की कोळेरोगाचा जीव आणि तो आयर्लंडचा करपा, दोन्ही फायटॉप्थोरा नावाच्या एकाच कुळीतले. सख्खे चुलत. ज्याला भिऊन मी सात झाडं उपटली त्याचा भाऊबंद दर पावसाळ्यात वंयापलीकडे मुक्कामाला असतो आणि भाऊ त्याच्याशी शांतपणे वागतात.

त्यांनीच मला मिश्रण करायला शिकवलं. सुपारीला एक टक्का करतात, शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. टोमॅटोच्या कोवळ्या पानांसाठी त्यांनी अर्ध्यावर आणलं : दोन लिटरला दहा ग्रॅम आणि दहा ग्रॅम. मोरचूद एका लिटरात विरघळवायचं, चुना दुसऱ्या लिटरात, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही. भांडं लोखंडी नको, प्लॅस्टिक किंवा माती. मी लोखंडी बादली घेऊन गेले होते, ती त्यांनी लांबूनच बघून परत पाठवली. मग लोखंडी खिळा घासून मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, पान भाजेल, अजून चुना घाला.

माझा खिळा लालेलाल झाला. दोनदा. भाऊंनी विचारलं, चुना कुठला? मी सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला घेतला होता, मोजून दहा ग्रॅम. ते पोट धरून हसले. विड्याचा चुना म्हणजे अर्धं पाणी. दहा ग्रॅम मोजला तर चुना असतो त्याच्या निम्मा. त्यांनी आपल्याकडचा ताजा, कोरडा विरवलेला चुना दिला. उघडा पडलेला जुना चुनाही चालत नाही, हवेने मेलेला असतो. तो घातला आणि खिळा खिळ्यासारखा राहिला. रंग आकाशासारखा निळा. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, नाहीतर पंपाचं तोंड बुजतं, आणि त्याच दिवशी वापरलं. उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नसतं.

मी विचारलं, ठिपके दिसले की फवारू ना? त्यांनी कपाळाला हात लावला. पावसात भिजून आल्यावर छत्री उघडतात का, टीचर? हे औषध पानावर बसून राहतं आणि बीजाणूला आत शिरू देत नाही. आत शिरलेल्याचं ते काही करू शकत नाही. झालेला ठिपका तसाच राहणार, ते पान जाणारच. म्हणून फवारायचं ते कोरड्या सकाळी, पानांची मागची बाजू धरून, रोग यायच्या आधी किंवा अगदी पहिल्या ठिपक्याला. मी हंगामात तीनदाच फवारलं. ऊठसूट तांबं फवारलं तर ते मातीत साठत जातं, आणि माझी परसातली माती मला पुढेही हवी आहे. फळांवर निळे डाग राहतात, ते तोडल्यावर चोळून धुवावे लागतात. मोरचूद विषारी आहे, त्याचा चमचा आणि तराजूचं ताट मी वेगळं, न्हाणीच्या कपाटात ठेवलंय. सासूबाईंचा पानाचा डबा आता त्यांच्या उशाशी असतो.

पहिला ठिपका आला तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. मागच्या वर्षी दिवाळीनंतर चौथ्या दिवशी, यंदा पौषात. त्या दिवशी मी झाडाजवळ बराच वेळ बसून राहिले, वर्तुळं मोजत. घाबरले नाही. पान तोडलं, भाणाखाली घातलं. मग दर दोन-तीन दिवसांनी एखाददुसरं. फेब्रुवारी अखेर खालची निम्मी झाडं उघडी पडली होती, शेंड्याकडे तुरा तेवढा हिरवा, दिसायला अगदी सोंगाड्यासारखी, पण फळं पिकत होती. पिशवीतलं एक झाड मरीने गेलं. पेल्याची परीक्षा मी स्वतः केली, पांढरी दोरी उतरली. बाहेरून आणलेली माती कुठली होती देव जाणे. एका झाडाची बरीच फळं अळीने खाल्ली, तो विषय वेगळा. उरलेल्यांनी मिळून अठरा किलो दिले. सार झालं, चटणी झाली, भाऊंकडे दोनदा पिशवी गेली, आणि कृषी कार्यालयातल्या त्या मुलीकडे मी एक किलो घेऊन गेले तर ती घेईना. मग तिला वही दाखवली, तक्त्याची. ती तिने दोन्ही हातांनी घेतली आणि फोटो काढला.

मार्चमध्ये झाडं मुळासकट काढून जाळली. विहिरीपलीकडच्या त्या वाफ्यात यंदा अळसांदे, म्हणजे आमची चवळी, पेरायचे आहेत. टोमॅटोचे कुणी भाऊबंद, म्हणजे वांगी, मिरची, बटाटा, तिथे तीन वर्षं नकोत, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चवथ झाली, वाफा साफ करायला गेले, तर कोपऱ्यात मिरचीची दोन रोपं, नीट आळं करून लावलेली. सासूबाईंना विचारलं. मिरची वेगळी, टोमॅटो वेगळा, त्या म्हणाल्या, आणि परडी घेऊन वंयाकडे गेल्या.

एक मी उपटलं. दुसरं अजून तिथेच आहे, त्याला फूल आलंय.